अंगठ्याखालची हवा

रुश्तू उस्ताला मुलीचं लग्न मोडायचं नव्हतं. फक्त पुढे ढकलायचं होतं. आणि तेही काही फार नाही, साधारण स्वतः मरेपर्यंत.

मुलाकडची मंडळी मागणी घालायला मार्चमध्येच यायची होती. तेव्हा उस्ताने कळवलं, की हवा फार दमट आहे, बोटींचे साचे सुकत नाहीत, अशा हवेत शब्द द्यायला मन होत नाही. मे महिन्यात पुन्हा विचारणा झाली, तेव्हा शेडमधली भट्टी बिघडली. ती खरोखरच बिघडली होती, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. पण ती दुरुस्त व्हायला जो दीड महिना लागला तो भट्टीला नव्हे, उस्ताला लागला. शेवटी थोरली बहीण मुनेव्वर मध्ये पडली. तिने भावाला विचारलंच नाही. 'गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता या' असं परस्पर मुलाकडच्यांना सिनोपला कळवून टाकलं आणि मंगळवारी येऊन घरातले पडदे धुवायला काढले. पडदे धुतले गेले की माघार घेता येत नाही, हे अंताल्यातल्या कुठल्याही बापाला कळतं.

"गुरुवारी?" उस्ता म्हणाला. "गुरुवारी तर अठरा मीटरच्या बोटीत रेझिन सोडायचंय."

"कधी ठरलं?"

"केव्हाचं ठरलंय, ताई."

ठरला होता शुक्रवार. गुरुवार त्याने त्या क्षणी ठरवला.

"मग सोड की. दुपारी सोड आणि पाचला घरी ये," मुनेव्वरताई पडद्याची कडी काढत म्हणाली. "आणि अंघोळ करून ये. अंगाला काच घेऊन सोफ्यावर बसू नकोस. मागच्या खेपेला मी आठवडाभर खाजवत होते."

नवऱ्या मुलाबद्दल उस्ताची तक्रार नव्हती. असती तर काम सोपं झालं असतं. इल्कर पवनचक्क्यांची पाती दुरुस्त करायचा. शंभर मीटर उंचीवर दोरीला लटकून पात्याला पडलेल्या चिरा भरायचा. मोजकं बोलायचा, दारू नाही, पत्ते नाहीत. उस्ताने चौकशी करकरून शेवटी एवढंच काढलं होतं, की मुलगा लटकतो. पण आता त्याच्या कंपनीने त्याला डेन्मार्कला बोलावलं होतं आणि तिथल्या पाती बनवण्याच्या कारखान्यात मुलीला, योंजालाही, काम मिळालं होतं. ते सांगताना तिचा चेहरा असा काही फुलला होता, की उस्ता ताटात बघू लागला.

"ऐंशी मीटर, बाबा! एका वेळेला ऐंशी मीटर लांब पात्यात रेझिन सोडतात!"

"आपलीही अठराची आहेच की," उस्ता म्हणाला होता आणि भाजीत मीठ कमी आहे असं सांगून उठला होता. भाजी त्यानेच केली होती.

योंजा सत्तावीस वर्षांची. रसायनशास्त्र शिकलेली, बाप ज्या शेडमध्ये उस्ता, म्हणजे मुख्य कारागीर, तिथेच सहा वर्षांपासून कामाला. रेझिनची पिंपं तिच्या ताब्यात. साच्यात काचेचं कापड कोरडंच थरावर थर अंथरायचं, वरून प्लास्टिकची पातळ चादर टाकून कडेने चिकट पट्टीने बंद करायची आणि पंपाने आतली हवा ओढायची. हवा गेली की चादर कापडाला अशी आवळून बसते, की आत विसरलेला केससुद्धा वरून दिसावा. मग नळ्या एकामागून एक उघडायच्या आणि रेझिन आपल्या पायांनी आत चालत जातं. एकदा निघालं की त्याला परत बोलावता येत नाही. तीनेक तासांत सगळ्या बोटीत पोचायचं आणि मग दगड व्हायचं, एवढंच त्याला कळतं. मध्ये कुठून टाचणीएवढी हवा शिरली तर बोटीच्या अंगात बुडबुडे राहतात. ही बोट एका जर्मन दंतवैद्याची होती. आणि पोकळ्या बुजवण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला पोकळ बोट विकणं अवघड असतं.

नळी उघडण्याला शेडमध्ये 'देणं' म्हणत. योंजा खालून विचारायची, "देऊ?" उस्ता कडेवर उभा राहून रेझिन कुठवर पोचलंय ते बघायचा आणि म्हणायचा, "दे." सहा वर्षांत बापलेकीचं बरंचसं बोलणं या दोन शब्दांत झालं होतं, आणि उस्ताला ते पुरेसं वाटत आलं होतं.

गुरुवारी दोन वाजता पहिली नळी दिली. दोन वीसला उस्ताच्या कानावर आवाज आला.

बारीक आवाज. चहाची किटली दूर दुसऱ्या घरात शिट्टी घालतेय असा. उस्ता साच्याच्या कडेकडेने कान लावत गेला आणि बोटीच्या नाकाशी थांबला. तिथे साच्याची कड शेडच्या लोखंडी तुळईखाली शिरली होती. परांचीवरच्या फळीवर पालथं पडायचं, डोकं तुळईखाली घालायचं आणि हात पुढे लांबवायचा, तेव्हा कुठे बोटं पोचत. तिथे चार बोटं लांबीची पट्टी उचलली गेली होती. का, तेही त्याला लगेच कळलं. साच्याला मेण चोळण्याआधी कडेवर कागदाची पट्टी लावायची, म्हणजे चिकट पट्टी बसायची जागा कोरडी राहते. हा धडा उस्ताने आजवर शंभरेक लोकांना दिला होता, निम्म्यांना शिव्या घालून. आज सकाळी नाकाशी कागद लावायला तो स्वतःच विसरला होता. मेण चोळताना त्याचं सगळं लक्ष संध्याकाळी पाचला काय कारण सांगायचं यात होतं.

त्याने अंगठा दाबला. आवाज थांबला. उचलला. आवाज सुरू.

"बाबा, पंपाचा काटा पडला!" खालून योंजा ओरडली.

त्याने अंगठा परत दाबला.

"आला जागेवर!"

त्याचा जुना सहकारी झेकी नव्या चिकट पट्टीचं वेटोळं घेऊन वर चढला. पट्टीवर पट्टी लावून झाली, पण मेणावर ती दाबून धरल्याशिवाय बसेना.

"अडकलात, उस्ता," झेकी म्हणाला.

"अडकलो," उस्ता म्हणाला. आणि त्याच्या मनात जी गोष्ट आली ती सांगायला त्याला लाज वाटली असती: त्याला बरं वाटलं.

झेकीने फोन लावून त्याच्या कानाशी धरला.

"ताई, फसलोय ग. अंगठा काढता येत नाहीये."

"कशात घातलास?"

"बोटीत."

"किती वेळ?"

"घट्ट होईपर्यंत. सहा. साडेसहा. तू सात धर."

पलीकडे थोडा वेळ नळाचा आवाज आला. "रुश्तू, ती माणसं चौदा तास बसमध्ये बसून आली आहेत. आत्ता माझ्यासमोर बसून काकडी खातायत."

"माझा सलाम सांग त्यांना. म्हणावं, पुढच्या..."

फोन बंद झाला होता.

मग उस्ता पडून राहिला. फळी बरगड्यांत रुतत होती. तुळई डोक्याच्या वर वीतभर. मान उचलली की टकलावर गंजाचा शिक्का. डोळ्यांसमोर एक रिबिट होता, त्याच्याकडे बघत राहण्यापलीकडे करमणूक नव्हती. नाकाच्या शेंड्याला काच टोचत होती आणि मोकळा हात नाकापर्यंत पोचत नव्हता. जून महिना, वर पत्र्याचं छप्पर. घामाचा ओघळ कानात शिरला आणि तिथेच मुक्कामाला राहिला. त्यातून आमच्या लोकांची रीत अशी, की काम करणाऱ्याजवळून कोणी मुकाट्याने जात नाही. शेजारच्या शेडमधला सुतार, चहावाला, गोदामातली बाई, जो जाईल तो मान वर करून म्हणायचा, "काम सोपं जावो!" आणि पालथ्या पडलेल्या उस्ताला दर वेळेला म्हणावं लागायचं, "देवाची कृपा."

शेडचे मालक जावित बेय आले. फोन समोर धरूनच आले.

"उस्ता, अंगठा काढू नका हं."

"नाही काढत, बेय."

"जर्मन डॉक्टरसाहेबांना व्हिडिओ पाठवतोय. केवढी निष्ठा! जरा इकडे बघून हसा."

"मान वळत नाही, बेय."

"मग नुसतं हसा."

उस्ता रिबिटाकडे बघून हसला.

तीन वेळा नळी द्यायची हाक आली, तीन वेळा त्याने 'दे' म्हटलं. आणि तीन वाजून गेल्यावर अंगठ्याखालची ओढ थांबली.

इतका वेळ हवा कातडीला ओढत होती, मांजराचं पिल्लू चोखतं तशी. ती ओढ आता नव्हती. उस्ताने अंगठा केसभर उचलला. शांत. बोटभर उचलला. शांत. अंगठ्याच्या आणि पत्र्याच्या उष्णतेने पट्टी मऊ झाली होती आणि मेणाला न जुमानता बसली होती. त्याने कान लावला, श्वास रोखला. पंपाची धडधड सोडली तर जगात काही आवाज नव्हता.

त्याने खाली बघितलं. झेकी पिंपाशी, योंजा काट्याशी. कोणाचं लक्ष नव्हतं.

त्याने अंगठा होता तिथे परत ठेवला.

का ठेवला, याचं उत्तर त्याने स्वतःला दिलं: सावधगिरी. चांगला कारागीर सावध असतो. इतका सावध तो गेल्या सव्वीस वर्षांत कधीच नव्हता.

आता गंमत बघा. भोक होतं तोवर उस्ताला सुटता येत होतं. झेकीला वर बोलवायचं, त्याचा अंगठा ठेवायचा, आपला काढायचा, पाच मिनिटांचं काम. भोक बुजलं आणि उस्ता खरा अडकला. नसलेल्या भोकावर दुसऱ्याचा अंगठा कसा ठेवणार?

"उस्ता, मी धरतो जरा," झेकी खालून म्हणालाच. "तुम्ही पाय मोकळे करा. मुलीच्या सोयरिकीचा दिवस आहे."

"तुझा अंगठा चालणार नाही. तू सिगरेट ओढतोस."

"त्याचा काय संबंध?"

"कातडी सुकते. हवा निघते."

झेकीने आपला अंगठा उजेडात धरून आरपार काही दिसतंय का ते बघितलं. "बायको वेगळ्याच गोष्टीची भीती घालत होती," तो म्हणाला.

उस्ताने हिशेब केला. घर इथून अर्धा तास. बंदराच्या या भागात यायचं तर फाटकावर परवाना लागतो. परक्या माणसाला सहजी आत सोडत नाहीत. सात वाजेपर्यंत काढायचे. तोवर मंडळी कंटाळतील, परतीची बस पकडतील. पुढच्या वेळी बघू. त्याने गाल फळीला टेकला. एका अर्थी, इतकं सुरक्षित त्याला बऱ्याच महिन्यांत वाटलं नव्हतं.

चारला दहा कमी असताना खालून भरदार आवाज आला: "काम सोपं जावो, रुश्तू बेय!"

आवाज ओळखीचा नव्हता. उस्ताने डोळे फिरवून जितकं दिसतं तितकं बघितलं. राखाडी सूट, पांढऱ्या मिशा, हातात गुलाबांचा एवढा मोठा गुच्छ. हे हिल्मी कप्तान. मुलाचे वडील नव्हते, म्हणून मामा आले होते; सिनोपला तीस वर्षं फेरीबोट चालवून निवृत्त झालेले. त्यांच्यामागे इल्कर, चॉकलेटचा डबा छातीशी धरून, आणि सर्वांत मागे मुनेव्वरताई, थर्मास घेऊन.

"आत कसं सोडलं?" उस्ताच्या तोंडून निघून गेलं.

"फाटकावरचा पोरगा चांगला आहे," मुनेव्वरताई म्हणाली. "सगळं लिहून घेतलं त्याने. फुलं, चॉकलेट, कॉफी. कारण विचारलं, मी म्हटलं, मागणी. तो म्हणाला, असा रकाना नाही. मग 'कच्चा माल' लिहिलं."

"कप्तान, तुम्ही एवढ्या लांबून... आणि मी हा असा," उस्ता रिबिटाला म्हणाला. "आपल्यात मागणी बसून घालतात. मी पालथा आहे."

"त्याचं काय एवढं! मी धुक्यात, सुकाणू हातात असताना, समोरच्या बोटीच्या कप्तानाशी भोंग्यावरून सोयरीक जुळवलेली आहे. तीन मुलं आहेत त्यांना आता."

"पण मुलीच्या घरी घालायची असते."

"तू घरी असतोस कधी?" मुनेव्वरताईने विचारलं.

"आणि कॉफी..."

"आणलीय."

कॉफी होती. अशा वेळी मुलगी कॉफी करते आणि नवऱ्या मुलाच्या कपात गुपचूप मीठ घालते. त्याने तोंड वाकडं न करता ती प्यायची, म्हणजे पुढचंही सगळं पिईल अशी खातरी पटते. योंजा पिंपं सोडून कॉफी करायला जाऊ शकत नव्हती, म्हणून आत्याने ती घरून करून आणली होती. मीठही आठवणीने घातलं होतं, पण थर्मास एकच होता. कप्तानांनी एक घोट घेतला, क्षणभर दूर समुद्राकडे बघितलं आणि म्हणाले, "हाताला चव आहे." झेकी प्यायला आणि बोलला नाही, जे पूर्वी घडलेलं कोणाला आठवत नव्हतं. इल्करने कप रिकामा केला. उस्ताला रेझिनच्या कोऱ्या नळीचा तुकडा लावून खालून पाजली. प्रत्येकाला वाटत होतं की चुकून आपल्याच कपात मीठ आलंय, आणि तोंड वाकडं करून समारंभ बिघडवायला कोणी तयार नव्हतं.

मग कप्तानांनी गुच्छ झेकीच्या हातात दिला, कोटाचं बटण लावलं आणि मान वर केली. शेडमध्ये पंपाची धडधड तेवढी राहिली. उस्ताच्या अंगठ्याला घाम फुटला.

"रुश्तू बेय, अल्लाच्या आज्ञेने आणि पैगंबरांच्या शब्दाने, आपली कन्या योंजा हिला आमच्या इल्करसाठी..."

"बाबा!" पिंपाकडून हाक आली. "पाचवी देऊ?"

"दे!" उस्ता ओरडला.

"दिली!" कप्तान गरजले. "अल्ला भलं करो!"

मुनेव्वरताईने पर्समधून सुगंधी कोलोनची बाटली काढली आणि दिसेल त्याच्या तळहातावर ओतत सुटली. झेकीने गुच्छासकट टाळ्या वाजवल्या. कप्तानांनी भाच्याला मिठी मारली, चॉकलेटचा डबा दोघांच्या मध्ये चेपला. वर फळीवर उस्ता तोंड उघडून पडला होता. सुटावं कसं याची त्याने चार महिने तयारी केली होती. एका अक्षराने पकडला जाईल हे त्याच्या हिशेबात नव्हतं.

"थांबा!" योंजा म्हणाली. पाचवी नळी उघडून ती वळली होती. "ते मला नव्हतं. ते रेझिनला होतं."

मिठी सुटली.

"म्हणजे?" कप्तानांनी विचारलं.

"आमच्यात नळी देतात," झेकीने खुलासा केला. "ही पाचवी. शेवटचीच."

"मग मुलगी?"

"मुलीचं अजून उघडलेलं नाही," झेकी म्हणाला आणि मुनेव्वरताईने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने गुच्छाआड तोंड घातलं.

"कप्तान, मला वाटतं," वरून उस्ताचा आवाज आला, आणि त्यात जिवात जीव आल्याची खूण लपत नव्हती, "आज योग दिसत नाही. द्राक्षांचा हंगाम झाला की..."

"झेकी आबी, पिंपाकडे बघा," योंजा म्हणाली आणि शिडी चढू लागली.

ती फळीवर बापाशेजारी पालथी पडली. दोघांची डोकी तुळईखाली, खांदे एकमेकांना घासून. खालच्यांना त्यांचे बूट तेवढे दिसत होते. तिने कडेला कान लावला.

"येतोय ना आवाज?" उस्ता पुटपुटला.

"बाबा, तीन दहापासून काटा हललेला नाही."

"काटा अडकला असेल."

"दोन काटे आहेत."

"मग दोन्ही."

तिला हसू आलं. मग गेलं. थोडा वेळ ती पण रिबिटाकडे बघत राहिली.

"मला जायचंच असतं ना, तर मी मार्चमध्येच गेले असते," ती म्हणाली. "बस रोज सुटते. पण मला तुमच्या तोंडून हवंय. आणि मघाशी निघालं ते नको. ते पाचव्या नळीचं आहे."

उस्ताने अंगठा आणखी घट्ट दाबला. मग म्हणाला, "तू गेलीस की 'देऊ?' कोण विचारणार?"

"झेकी आबी."

"झेकी विचारत नाही. झेकी देऊन टाकतो आणि मग सांगतो."

"मग तुम्ही त्याला शिकवा."

"वीस वर्षं शिकवतोय."

तिने हात लांबवला, बापाचा अंगठा दोन बोटांनी उचलला आणि त्या जागी स्वतःचा ठेवला.

"सरका. मी धरते. तुम्ही खाली जा, माणसासारखे बसा आणि काय ते बोला. नाही म्हणायचं असेल तर म्हणा, माझी मुलगी अडकलीय. मी इथेच पडून राहीन. विचारलं तर सांगेन, हवा येतेय."

उस्ता शिडीवरून उतरला तेव्हा त्याचा उजवा हात दुसऱ्या कोणाचा तरी असावा तसा लोंबत होता. गालावर फळीच्या रेषा उमटल्या होत्या, टकलावर गंज. मुनेव्वरताईने रुमाल थुंकीने ओला करून तो पुसला, साठीच्या माणसाचा, चारचौघांत, लहान मुलाचा पुसतात तसा. झेकीने दोन रिकामी पिंपं पालथी घातली. एकावर उस्ता बसला, दुसऱ्यावर कप्तान. कप्तानांनी पुन्हा बटण लावलं. मघाचं वाक्य जिथे अर्धं राहिलं होतं तिथून सुरू न करता त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली, अल्लाच्या आज्ञेपासून, आणि शेवटपर्यंत गेले. मग सगळे उस्ताकडे बघू लागले.

उस्ताने वर बघितलं. तुळईखाली योंजाचे बूट दिसत होते, आणि एक कोपर. ती जागा इतकी अरुंद आहे हे त्याला आत पडलेला असताना कळलं नव्हतं. हूं की चूं न करता ती तिथे सात वाजेपर्यंत पडली असती. सात कशाला, द्राक्षं होईपर्यंत पडली असती. कारण त्याच्या जिभेवर तयार होतं: मुलगी कामात अडकलीय, कप्तान, अडकलेल्या मुलीचा शब्द कसा द्यायचा? दमट हवेपेक्षा चांगलं, भट्टीपेक्षा तर फारच चांगलं. चार महिन्यांतलं सर्वांत उत्तम कारण, आणि ते मुलीनेच करून दिलं होतं. त्याने ते तोंडात एकदा घोळवलं.

"योंजा!" तो म्हणाला.

"काय, बाबा?"

"अंगठा काढ."

"उस्ता, डोकं फिरलं का?" झेकी किंचाळला. दारात व्हिडिओ काढत उभे असलेले जावित बेय पुढे धावले. "काढू नका! कोणी काही काढू नका!"

वरचं कोपर हललं नाही. "नक्की, बाबा?"

"काढ म्हणतो ना. तीनपासून तिथे काही नाहीये."

तिने काढला. दोन्ही हात फळीबाहेर लोंबते सोडले, सगळ्यांना दिसतील असे. शेडमध्ये प्रत्येकाने श्वास रोखला, कप्तानांनीसुद्धा, कशासाठी ते ठाऊक नसताना. पंप धडधडत होता. काटा जागेवर होता. आवाज कसलाच नव्हता.

झेकी बोटांवर तीनपासून आतापर्यंतचा वेळ मोजत होता.

"मग इतका वेळ तुम्ही वर काय करत होता?" जावित बेयनी विचारलं.

"पडलो होतो."

"पडला होतात! व्हिडिओ जर्मनीला गेलाय! डॉक्टरसाहेबांनी उत्तर पाठवलंय, दवाखान्यातल्या सगळ्यांना दाखवला म्हणून! आता काय सांगू त्यांना?"

"सांगा, पोकळी बुजली."

सव्वीस वर्षांत ज्याच्या कानाची आणि अंगठ्याची शपथ घेतली जायची तो माणूस पालथ्या पिंपावर मान खाली घालून बसला होता, आणि उद्यापासून या शेडमध्ये 'पडलो होतो' हे शब्द कोणत्या कोणत्या प्रसंगी वापरले जातील याची यादी झेकीच्या चेहऱ्यावर तयार होत होती. कप्तानांनी या सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं. मग सौम्यपणे म्हणाले, "रुश्तू बेय, मला बोटीतलं तेवढं कळतं, ही गडबड कळत नाही. हा होकार समजू का?"

"हं," उस्ता म्हणाला.

"हं नको," मुनेव्वरताई म्हणाली. "तोंड उघड. चौदा तास बसमध्ये होते ते."

उस्ताने तोंड उघडलं. "दिली," तो म्हणाला.

पंपामुळे कप्तानांना ऐकू गेलं नाही. त्यांनी कानामागे हात धरला. एकदा म्हणायलाच ज्याला चार महिने लागले त्याला ते परत, मोठ्याने म्हणावं लागलं. "दिली, कप्तान! दिली!"

या वेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मघाच्या वाजवून झाल्या होत्या. इल्कर शिडीशी गेला आणि शिडी धरून उभा राहिला; योंजा उतरली, त्याच्याजवळून पुढे आली आणि बापाच्या पिंपावर, उरलेल्या तीन बोटं जागेत बसली. उस्ता सरकला नाही. सरकायला जागा नव्हती.

मग कोणालाच जाता येईना. रेझिन घट्ट होईपर्यंत योंजा हलू शकत नव्हती, तिच्याशिवाय मंडळी घरी कशी जाणार? धुतलेले पडदे तिकडे घरी एकटेच लटकत राहिले. चॉकलेटचा चेपलेला डबा फिरला. कप्तान साच्याभोवती चक्कर मारून आले, तळाशी, जिथे रेझिन सर्वांत आधी पोचलं होतं, तिथे त्यांनी हात टेकला आणि झटकन मागे घेतला.

"अहो, गरम लागतेय!"

"लागणारच," उस्ता म्हणाला. "घट्ट व्हायला लागली की तापते."

"मग आता काय करायचं?"

"काही नाही. आता कोणी काही करायचं नसतं."

तो उठला आणि कप्तानांशेजारी जाऊन त्यानेही साच्याला हात लावला. उजव्या हाताला मुंग्या आल्या होत्या, त्याला काहीच कळेना. म्हणून त्याने डावा लावला.